रंधा खाली ठेवा, राजेहो

आमच्या गावात ऑगस्टातल्या सकाळी जे आवाज येतात, त्यांत कोंबड्याचा नंबर चौथा. पहिला आवाज लाथेचा. दुसरा दाराच्या खालच्या फळीचा. तिसरा आतून येतो, "हळू ना जी, बिजागरी निंघंल!" मग कोंबडा. गल्लीतली दारं अशी एकापाठोपाठ एक उघडत जातात आणि प्रत्येक दारातून एकेक कर्ता पुरुष दात घासायचा ब्रश तोंडात धरून, पायाचा अंगठा चोळत बाहेर येतो.

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, पावसाळा आहे, लाकूड फुगलं असेल. पुण्या-मुंबईचे पाहुणे तर आम्हाला तसं समजावूनही सांगतात. लाकडाचा यात वाटा नाही असं नाही, पण तो सालगड्याइतका. मालक वेगळाच आहे: काळी माती. तो दाराखाली, फरशीखाली, पायाच्याही खाली, दहा-अकरा फुटांपर्यंत हातपाय पसरून झोपलेला आहे आणि पावसाळा लागला की कूस बदलतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, मूर्तिजापूर आणि अकोट ही तीन गावं जोडून त्रिकोण काढा. त्याच्या पोटात आमच्यासारखी गावं पातळ वरणातल्या शेंगदाण्यासारखी विखुरलेली आहेत. उत्तरेला सातपुडा. एखादी सर पडून हवा धुतली गेली की गाविलगडाचे डोंगर निळे दिसतात, इतके जवळ की चहा पिऊन जाऊन यावं. दक्षिणेला अजिंठ्याची रांग. मधे सगळं सपाट. इतकं सपाट की नालीतल्या पाण्याला कोणीकडे जावं ते कळत नाही आणि ते विचार करत तिथंच उभं राहतं. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा या विदर्भातल्या मोठ्या नद्या समजूतदारपणे गोदावरीच्या वाटेला लागतात. पूर्णा पश्चिमेकडे तोंड करून निघते ती पार चांगदेवला जाऊन तापीला मिळते. नदीचाच स्वभाव असा, तर तिनं आणून टाकलेल्या गाळाकडून सरळ वागणुकीची अपेक्षा कोणी धरावी? हा गाळ शेकडो फूट खोल आहे. बोअर मारा, दगड म्हणून लागायचा नाही. लागतं ते पाणी, आणि तेही खारं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या नऊशेच्या आसपास गावांचा हा खारपाणपट्टा. पाण्याचं पुढे बोलू. आधी दार.

दार अडलं की माणूस पहिली चूक करतो ती सुतार बोलावण्याची. सुतार येतो, दार दोनदा हलवून पाहतो आणि पिशवीत हात घालतो.

"काय होते, भाऊ?"

"अडते ना."

"अडनारच. पानी हाय." आणि रंधा बाहेर.

इथं त्याचा हात धरायचा. चहा पाजा, पान द्या, काहीही करा, पण रंधा खाली ठेवायला लावा. कारण ऑगस्टात दाराची कड तीन सूत तासली तर मे महिन्यात त्याच फटीतून ऊन, धूळ, विंचू आणि शेजाऱ्याचं मांजर या क्रमानं आत येतात. मग मे महिन्यात फटीला पट्टी ठोकायची. ती ऑगस्टात अडते. मग पट्टी तासायची. असं दहा वर्षं चाललेली दारं आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या प्लॉटांच्या वस्तीत, आहेत. त्यांच्या कडा पाहून कोणत्या साली पाऊस जास्त झाला ते सांगता येतं.

आधी निदान करायचं. त्याला एक सुतळी पुरते. चौकटीच्या आतल्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून गाठ मारा. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावून पाहा. सात बाय तीन फुटांच्या चौकटीचा कर्ण ७ फूट ७ इंच आणि वर तीन सूत भरायला हवा, दोन्हीकडून सारखाच. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. ज्याला सूत माहीत नाही त्यानं सुताराशी भाव करायला जाऊ नये.) दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे, लाकूडच फुगलंय, कार्तिकापर्यंत आपोआप उतरेल. पण चौकटीचा एक पाय नुसता पाव इंच जरी वर उचलला गेला, तरी दोन कर्णांत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडतो. तेवढा फरक आला की समजायचं, दार निर्दोष आहे, खालचा मालक जागा झालाय.

मग दार नेमकं कुठं घासतं ते शोधायचं. कडेला गेरू किंवा खडू फासा आणि दार एकदा लावून उघडा. जिथला रंग पुसला गेला तिथं घासतंय. गेरू नसेल तर कुंकू चालतं, फक्त तेवढ्यात कोणी आलं तर नारळ मागतं. खालचा कोपरा घासत असेल तर कडीकडचा पाय वर आलाय किंवा तिथली फरशी फुगलीय. वरचा कोपरा घासत असेल तर बिजागरीकडचा पाय वर आलाय. त्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पिळून बघा. ते ढिले असले तर दार नुसतं लोंबत असतं आणि आपण उगाच भूगर्भाला शिव्या देत बसतो.

उपाय बिजागरीमागे असतो. खाली घासतं तर खालच्या बिजागरीमागे पुठ्ठा सरकवायचा, वर घासतं तर वरच्या. बिजागरीचे स्क्रू अर्धे सैल करा, पुठ्ठ्याची पट्टी आत ढकला, स्क्रू आवळा. खालचा पुठ्ठा दाराची कडीकडची बाजू किंचित उचलतो, वरचा ती किंचित उतरवतो. पुठ्ठा कुठला? लग्नपत्रिकेचा. आमच्याकडे यासाठी पत्रिका जपून ठेवतात. आजकालच्या मखमली पत्रिका निरुपयोगी, ओल धरतात. मध्यमवर्गीय लग्नातली, गणपती छापलेली, दोन घड्यांची पत्रिका एक नंबर. एका घरात आतेभावाची सोयरीक मोडली, पण त्याची पत्रिका वरच्या बिजागरीत अजून टिकून आहे.

राहिली कडी. कडी दारासोबत वरखाली होते, तिचं चौकटीतलं भोक मात्र जागेवर असतं. म्हणून ते भोक गोल ठेवायचं नाही. कानस घेऊन उभं, लांबट करायचं, चांगलं दीड-दोन इंच. आमच्या भागातल्या कोणत्याही नव्या घरात जाऊन बघा, कडीची भोकं उभी दिसतील. कडी वरच्या टोकाला बसली की ऑगस्ट, खालच्या टोकाला बसली की मे. भिंतीवर कॅलेंडर असतं ते फक्त गॅस सिलिंडरची तारीख लिहायला.

आता मालकाविषयी. काळी माती. हिला देशभर 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणतात, कारण कपाशी हिच्यात छान येते. घर छान येतं असं कोणी कधी म्हटलेलं नाही. हिच्यातल्या चिकणमातीचे कण खातेवहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी आलं की ते पानापानांत शिरतं आणि वही जाड होते. पाणी गेलं की वही मिटते. माती तुमच्या प्लॉटवर किती फुगेल हे तपासायची सरकारमान्य पद्धत आहे आणि ती मला फार आवडते. कोरडी माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. १०-१० ग्रॅमचे दोन भाग करायचे. १०० मिलिलिटरच्या दोन नळ्या घ्यायच्या. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल. दोन्हींत माती टाकून, हवेचे बुडबुडे काढून २४ तास ठेवायची. रॉकेलमधली माती गप्प बसते. पाण्यातली फुगते. दोन्हींच्या उंचीतला फरक रॉकेलमधल्या उंचीच्या किती टक्के ते काढायचं. पन्नासच्या वर गेलं तर माती जहाल. म्हणजे रॉकेलवर घर बांधलं तर काही धोका नाही. पण रॉकेल आता मिळत नाही आणि पाऊस मिळतो.

आमच्या पूर्वजांनी असल्या नळ्या पाहिल्या नव्हत्या, तरी त्यांनी हा प्रश्न दोन शब्दांत मिटवला होता: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतशिवार, पांढरी म्हणजे गावठाण. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीत. जुनी गावं बघा, किंचित उंचवट्यावर, पांढरट मातीच्या टेकाडावर बसलेली. गढी असली तर तीही तिथंच. ती माती फुगत नाही, पाणी धरून ठेवत नाही, आणि पूर्णेला पूर आला तरी तिथवर पाणी पोचत नाही. घरंही कशी? जाड मातीच्या भिंती, वर धाब्याचं छप्पर, आणि ते छप्पर भिंतींवर नाही तर लाकडी खांबांवर टेकलेलं. प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा. जमीन जरा हलली तर खांब जरा हलतो, धाबं कुरकुरतं, भिंतीला पोतेरं मारलं की प्रकरण संपलं. त्या घरांची दारं दोन फळ्यांची, चौकटीपेक्षा सैल, मागून अडसर. अडसराला अर्ध्या इंचाचं सोयरसुतक नसतं.

मग आम्ही शिकलो. गावाबाहेरचं वावर अकृषक झालं, त्यात चुन्याच्या रेघा पडल्या, कमान उभी राहिली, तिच्यावर कोणत्या तरी नगराचं नाव आलं, आणि ज्या मातीत बापानं कपाशी लावली तिच्यात मुलानं टू बीएचके लावला. मातीला हा फरक कोणी सांगितलेलाच नाही. तिच्या दृष्टीनं खरीप सुरूच आहे. ती जून लागला की फुगते, मे लागला की भेगाळते, आणि वर कपाशी आहे की मार्बल, याची चौकशी करत नाही.

काळीत घर बांधायचंच असेल तर त्याची रीत आहे. पण ती रीत आणि आमचा मिस्त्री यांचं जमत नाही. चांगली रीत अंडररीम पाइलची, रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काढलेली. जमिनीत दहा-बारा इंच व्यासाचं भोक ऑगरनं, म्हणजे मोठ्या गिरमिटानं, पाडायचं, किमान साडेतीन मीटर खोल, कारण मोसमाप्रमाणे ओल कमी-जास्त होते ती साधारण तेवढ्या खोलीपर्यंत. त्याच्याखालची माती बाराही महिने एकाच मूडमध्ये असते. भोकाच्या तळाशी ते रुंद करायचं, व्यासाच्या अडीचपट. सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरलं की जमिनीत पातीचा कांदा तयार होतो: वर बारीक दांडी, खाली गड्डा. वरची माती फुगून दांडीला वर ओढते, पण गड्डा खाली रुतून बसलेला. पाइलच्या डोक्यांवरून प्लिंथ बीम, म्हणजे भिंती पेलणारी काँक्रीटची आडवी तुळई, फिरवायचा आणि त्या बीमखाली तीन इंच जागा मोकळी सोडायची, माती फुगेल तेव्हा तिला हातपाय पसरायला.

इथंच घात होतो. इंजिनिअर नकाशात पोकळी दाखवतो, साइटवरून निघून जातो, आणि संध्याकाळी मिस्त्री मालकाला बाजूला घेतो.

"भाऊ, बीमच्या खाली पोकळ ठेवाले सांगून गेले ते. मी म्हनलं, घर काय हवेत ठेवता? लोकं हासतीन ना."

"मंग?"

"मंग काही नाई. गिट्टी अन् मसाला ठासून देतो. एक रुपया आगाऊचा नाई घेत."

आणि तो प्रामाणिकपणे, एकही रुपया जास्त न घेता, साडेतीन मीटर पाइलचं काम तीन इंचांत पाण्यात घालतो. पुढच्या श्रावणात माती वर येते, जागा सापडत नाही, आणि बीमलाच खांदा लावते.

पाइल परवडत नाही तिथं मुरूम. पाया पाच-सहा फूट खणायचा, काळी माती बाहेर काढायची आणि मुरूम भरायचा. आमच्याकडे दगडच नाही तर मुरूम कुठला? तो डोंगराच्या बाजूनं टिप्परनं येतो, आणि रस्त्यात त्याचा रंग बदलतो. घेताना मूठभर मुरूम ओला करून लाडू वळून बघा. लाडू झाला आणि हात काळे झाले तर तुम्ही आपलीच माती पैसे देऊन परत विकत घेतलीत. चांगला मुरूम वळत नाही, हातातून सांडतो. तो सहा-आठ इंचांच्या थरानं टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी, प्रत्येक थरावर धुम्मस, आवाज भद्द यायचा थांबून टणक येईपर्यंत. प्रत्यक्षात चार फूट मुरूम एकदम ओततात आणि वर नळी सोडून देतात. "बसंल आपोआप." बसतो ना. फरशी बसवून झाल्यावर बसतो.

शिवाय मुरुमाचा एक छुपा गुण असा की त्यातून पाणी सहज जातं. काळ्या मातीत खड्डा करून त्यात मुरूम भरणं म्हणजे घराखाली एक टाकं बांधणं. छपराचं, न्हाणीचं, अंगणाचं पाणी त्यात उतरतं आणि तळातल्या काळ्या मातीला पुढचे सहा महिने निवांत पाजत राहतं. म्हणून घराभोवती चार-पाच फूट रुंदीची काँक्रीटची फरसबंदी हवीच, फुटाला अर्धा इंच ढाळ देऊन, बाहेरच्या बाजूला. ढाळ बाहेरच्या बाजूला, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहितोय. ओल घराभोवती सगळीकडे सारखी असली तर घर सगळं मिळून वर जातं, सगळं मिळून खाली येतं. नावेत बसल्यासारखं, तक्रार नाही. भांडण लागतं ते एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा असला की. न्हाणीच्या शोषखड्ड्याजवळचा कोपरा बाराही महिने टुम्म. देवघराचा कोपरा बाराही महिने उपाशी. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून छताच्या दिशेनं तिरपी भेग जाते, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, विटांच्या सांध्यासांध्यानं. वास्तुशास्त्रवाले येऊन ईशान्य कोपऱ्याविषयी काहीबाही सांगतात. नळाची गळती कोणी बघत नाही.

झाडांचंही असंच. अंगणात कडुलिंब हवा, सावलीला दुसरं काय आहे आमच्याकडे? पण मोठा कडुलिंब आपल्या बाजूची ओल खेचून घेतो आणि त्या बाजूची जमीन आकसते. झाड जेवढं उंच होणार, तेवढं ते घरापासून लांब लावावं. आणि जुनं झाड तोडून त्याच जागी लगेच घर बांधायची घाई करू नये. जी माती पन्नास वर्षं तहानलेली होती ती आता पोटभर पिते आणि काही वर्षं फुगतच राहते.

भेगा बुजवण्याचा मोसम म्हणजे लोकांच्या मते मे. भेग तेव्हा सगळ्यांत रुंद असते ना, बोट जातं, डोळ्यांना खुपते. मुलीला पाहायला पाहुणे येणार असतात. मग पक्कं सिमेंट कालवून भेग गच्च भरली जाते. ऑगस्टात भिंत आपल्या मूळ जागी परत यायला निघते, तर तिच्या जागेवर सिमेंट बसलेलं. रेल्वेतल्या रिझर्व्हेशनसारखं भांडण होतं, आणि दोघांतलं एक बाहेर पडतं. म्हणून आधी भेगेचा स्वभाव समजून घ्या. भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवा, पेन्सिलनं तारीख टाका. पट्टी फाटली तर भेग जिवंत आहे. वर्षभर अशा पट्ट्या लावल्या की किती उघडते आणि किती मिटते ते कळतं. जिवंत भेगेत ताणलं जाणारं सीलंट भरायचं, पाऊस सरल्यावर. सिमेंट फक्त मेलेल्या भेगेत. आमच्याकडे काही घरांत या पट्ट्यांनी भिंती भरल्या आहेत. लांबून एखाद्या सरकारी कचेरीतल्या सूचनाफलकासारखं दिसतं.

घराबाहेर पडलात तरी सुटका नाही. गावात उभा खांब शोधून दाखवा. विजेचे खांब, कुंपणाचे खांब, बसथांब्याचा फलक, सगळे थोडे थोडे कललेले, कोणी पूर्वेला, कोणी पश्चिमेला, जणू लग्नाच्या पंगतीत एकमेकांच्या कानात बोलतायत. उन्हाळ्यात वावरात तळहाताएवढ्या रुंद भेगा पडतात. त्यात किल्ली पडली तर गुडघ्यावर बसायचं नाही, सरळ कुलूपवाल्याकडे जायचं.

आणि पांदण. शेतात जायचा कच्चा रस्ता. पावसानंतर तिथं कधी पाय टाकावा याचं गणित गावातलं पोरगंही सांगतं. पाऊस पडल्या पडल्या माती साबण असते, घसरते. दुसऱ्या दिवशी डिंक असते; हा दिवस सगळ्यांत वाईट. पंधरा पावलांत चप्पल चार बोटं उंच होते, तिसाव्या पावलाला चप्पल मागे राहते आणि माणूस पुढे जातो. म्हणून जाणता माणूस पांदणीच्या तोंडाशीच चपला काढून हातात घेतो. मोटारसायकलवाला पुढचं मडगार्ड काढून ठेवतो किंवा उंच करून घेतो, नाहीतर चाक आणि मडगार्ड यांच्यामधे माती ठासून चाक फिरायचं थांबतं, भर पांदणीत काडीनं माती कोरत बसलेला माणूस दिसला की त्याला "काय चाललं?" विचारू नये, तो खरं सांगेल. चार-पाच दिवसांनी वाफसा येतो: ढेकूळ हातात चुरतं, पण हाताला चिकटत नाही. काळी माणसात येते ती तेवढ्यापुरती. त्या दोन-चार दिवसांत पेरणी, डवरणी, सासुरवाडी, सगळं उरकून घ्यायचं. आठवड्याभरात वीट. याच पट्ट्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट बांधला. बाहेरच्यांना ते मोठं समाजकार्य वाटतं, आणि आहेच. पण इथल्या माणसाला आधी डोळ्यांपुढे येतो तो दगडाच्या पायरीवर टेकलेला कोरडा पाय.

पाण्याचं पुढे बोलू म्हटलं होतं. बोअरचं खारं पाणी प्यायला नको हे सगळ्यांना कळतं. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ तीन शिट्ट्यांनंतरही मण्यासारखी वेगळी राहते, कूलरच्या ताट्यांवर एका मोसमात पांढरी पुटं चढतात आणि हवा गार यायच्या ऐवजी नुसता आवाज येतो. म्हणून वरणासाठी गोड्या पाण्याचा एक गुंड वेगळा झाकून ठेवलेला असतो, आणि नवी सून घरात आली की तिजोरीच्या आधी तिला तो दाखवतात. गोडं पाणी येतं ते सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून, वानचं ८४ खेडी योजनेतून, कुठं शहानूरचं. नळ येतो तो चार-पाच दिवसांआड, आणि नेमका तेव्हा, जेव्हा दार अडलेलं असतं.

पण हेच खारं पाणी बांधकामाला मात्र सर्रास वापरतात. "सिमेंटला काय चव कळते?" सिमेंटला नाही, सळईला कळते. सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, असं भारतीय मानकात लिहिलंय, आणि आमच्या कैक बोअरना हे मानक कोणी वाचून दाखवलेलं नाही. क्षार आत गेला की सळई गंजते. गंजली की फुगते. फुगली की स्लॅबची खपली आमटीच्या ताटात पडते. म्हणजे खालून माती फुगते, वरून सळई फुगते, मधे भिंतीला लोणा लागून रंग फुगतो. घरात फुगायचं राहिलेलं एकच, ते म्हणजे जावई, आणि तो अधिक महिन्यात येतो. स्लॅबला, कॉलमला आणि नंतरच्या किमान सात दिवसांच्या पाणी मारण्यालाही टँकरचं गोडं पाणीच घ्यावं. महाग पडतं. दर दहा वर्षांनी स्लॅबची मलमपट्टी करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

वर्षात एक काळ मात्र असा येतो की सगळं जुळून येतं. दिवाळी झाली की वरची ओल उतरायला लागते, पण खालची अजून गेलेली नसते. माती फुगलेलीही नसते, भेगाळलेलीही नसते. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरतात. भेगा केसाएवढ्या होतात, एका रंगाच्या हातात दिसेनाशा होतात. दार एका बोटानं ढकललं तर 'टक्' करून लागतं. हा काळ साधारण संक्रांतीपर्यंत टिकतो, आणि आमच्या लेआऊटमधली घरं विकली जातात ती नेमकी याच दिवसांत. दलाल गिऱ्हाइकाला दारापाशी नेतो, एका बोटानं दार लावून दाखवतो आणि गप्प उभा राहतो. घर घ्यायचं असेल तर ऑगस्टच्या मध्याला एकदा या आणि मेच्या उत्तरार्धात एकदा. येताना सुतळी आणा. आणि फरशीवर सोडायला मुलांची एक गोटी. ती कोणत्या कोपऱ्याकडे घरंगळते ते बघा, मग त्या कोपऱ्यापलीकडे न्हाणी आहे का ते विचारा.

तोवर इकडे कार्तिकातली रात्र. गल्लीत जेवणं झालेली, थंडी पडायला लागलेली. एकेका घरातून 'टक्', 'टक्' असे आवाज येत जातात, लाथ नाही, शिवी नाही. पलंगावरून कोणी तरी विचारतं,

"लागलं काय वं?"

"लागलं."

"कडी?"

"भोकाच्या बराबर मधात आली."

"मंग राहू दे तशीच. हात नको लावू आता तिले."